बाबा मिलिटरीत आहेत असं मुलीला कुठवर सांगायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की गाव कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, मुलगी पाचवीत, नवरा घटस्फोट न घेताच पुण्याकडं दुसरा संसार थाटून बसलाय आणि मुलीला तुम्ही ‘बाबा मिलिटरीत आहेत’ असं सांगत आलाय. दहावी होईस्तोवर हेच चालू ठेवावं का, हा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर, नको. याच भागातल्या मराठी शाळेत मी निवृत्तीपर्यंत शिकवलं, त्यावरून सांगते.

खोटं बोललात म्हणून तुम्हाला बोल लावत नाही. तान्ह्या पोरीला आणखी काय सांगणार होतात? पण नेमकं हे खोटं आपल्याकडं टिकणारं नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावात, आणि आपल्याकडच्या गावांत मिलिटरीवाल्याचं घर नाही अशी गल्ली शोधावी लागते. बाप रजेवर आला की काय होतं हे त्या घरातल्या पोरांना पाठ असतं. काळी ट्रंक, कँटीनचं सामान, लक्ष्मीच्या यात्रेला जुळवून घेतलेली रजा. तुमच्या मुलीच्या बाबाला इतक्या वर्षांत एकदाही रजा मिळाली नाही, हे वर्गातल्या पोरांनी केव्हाच ताडलं असणार. ती विचारत नाही म्हणजे तिला काही ठाऊक नाही असं धरू नका. पुष्कळ मुलं आईचं तोंड बघून गप्प बसतात.

दुसरी अडचण कागदांची, आणि ही खास आपल्या सीमाभागातली. कागद येतो कन्नडात. आमच्या-तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांना तो वाचता येत नाही, पोरांना येतो. कन्नड तर आता 2015 च्या कायद्यानं शाळेत सक्तीचंच आहे. त्यामुळं नाडकचेरीचा, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीचा असो, की पंचायतीचा, कागद आला की ‘बघ गं काय लिहिलंय’ म्हणून पोरीच्याच हातात जातो. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं आईला वाटणीच्या दाव्याची नोटीस अशीच वाचून दाखवली. बापाचं नाव आलं, त्याखाली त्याची बायको म्हणून भलत्याच बाईचं नाव आलं, तशी ही म्हणाली, ‘पुढचं अक्षर लागंना.’ दुसऱ्या दिवशी तो कागद दप्तरातून काढून माझ्यापुढं धरला आणि विचारलं, ‘बाई, हे आईला नको सांगायला काय?’ आई तिच्यापासून लपवत होती आणि ती आईपासून.

तेव्हा असे कागद आधी वकिलाला दाखवा. पैशाची काळजी नको. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाईला, मिळकत कितीही असली तरी, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं चौकशी करा. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्यात बेकायदा ठरतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005 पासून आहे. पोटगी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली मागायचे, 1 जुलै 2024 पासून ती नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली मागतात. यातलं काहीही सुरू केलंत तर गावात बोभाटा होणारच. तो तिच्या कानावर जायच्या आधी तुम्ही बोललेलं बरं.

किती सांगायचं? थोडंच. ‘बाबा मिलिटरीत नाहीत. ते पुण्याकडं राहतात, तिथं त्यांचं दुसरं घर आहे. आपल्याकडं राहायला ते येणार नाहीत. यात तुझी काही चूक नाही. तू लहान होतीस म्हणून मी तेव्हा वेगळं सांगितलं.’ बस्स. मारहाण झाली असेल, दागिने मोडून खाल्ले असतील, सासू काय बोलली असेल, ते सगळं आत्ता तिच्या कानी घालू नका. ते तुमचं दुखणं आहे, बहिणीपाशी बोला, माझ्यासारख्या परक्या बाईपाशी बोला. परीक्षेच्या तोंडावर किंवा पाहुणे आले असताना हा विषय काढू नका. आजी-मामांना आधी विश्वासात घ्या, नाहीतर तुम्ही एक सांगाल आणि आजी पदर डोळ्याला लावून दुसरंच सांगेल. वर्गशिक्षिकेच्याही कानावर घालून ठेवा.

‘पोरीच्या लग्नात आडवं येईल’ असं कुणी म्हणालंच, तर सोयरीक करणारे आधी गावात चौकशी करतात हे त्यांनाही माहीत असतं. सोडून द्या.

पहिल्या दिवशी ती बहुधा काहीच बोलणार नाही. मग कधीतरी तुम्ही भाकरी थापत असताना मध्येच विचारेल, ‘बाबांना मी आवडत नव्हते काय?’ त्यांच्या वतीनं उत्तर देऊ नका, चांगलंही नको, वाईटही नको. त्यांच्या मनातलं मला सांगता येणार नाही, मला तू हवी आहेस, एवढं म्हणा. फोन करायचाय म्हणाली तर अडवू नका, पण नंबर लगेच हातात देऊ नका. आधी मामाला नाहीतर आत्याला मध्ये घालून तो माणूस पोरीशी धड बोलेल का ते काढून घ्या.