किंगपिन मुळात स्पायडरमॅनचा खलनायक, मग डेअरडेव्हिलचा कट्टर वैरी कसा झाला?

लेखक-चित्रकार फ्रँक मिलरमुळे. १९६७ साली मार्व्हलच्या स्पायडरमॅन कॉमिक्सच्या ५०व्या अंकात आलेल्या किंगपिनला त्यांनी १९८१ मध्ये डेअरडेव्हिलच्या १७०व्या अंकात आणलं आणि तिथून सगळं चित्रच पालटलं. डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मर्डॉक, दिवसा वकील, रात्री मुखवटा घालून गुंडांशी लढणारा. समोर किंगपिन, म्हणजे विल्सन फिस्क, कागदोपत्री प्रतिष्ठित उद्योगपती, ज्याच्याविरुद्ध एकही पुरावा टिकत नाही. कायद्यावर श्रद्धा असलेल्या माणसाला याहून जिव्हारी लागणारा शत्रू मिळणार नाही.

मूळ अंक वाचून सांगतो, या वैराचा कळस १९८६ च्या ‘बॉर्न अगेन’ या डेअरडेव्हिल कथेमध्ये आहे (अंक २२७ ते २३३). व्यसनाधीन झालेली मॅटची जुनी प्रेयसी कॅरेन पेज एका डोससाठी मॅट हाच डेअरडेव्हिल असल्याचं गुपित विकते. ते हाती लागल्यावर फिस्क मारेकरी पाठवत नाही, आधी माणूस पोखरतो: बँक खातं गोठतं, करखातं मागे लागतं, खोट्या साक्षीने वकिली जाते. शेवटी तो मॅटचं घर उडवतो, आणि तिथेच चुकतो. ढिगाऱ्यात आपला डेअरडेव्हिलचा पोशाख दिसताच मॅटला कळतं की यामागे कोण आहे. खलनायकाचा अहंकार इतक्या नेमकेपणाने क्वचितच दाखवला गेलाय.

अर्थात स्पायडरमॅनशी त्याचं वैर संपलेलं नाही. स्पायडरमॅनच्या मे काकूंना लागलेली गोळी फिस्कच्याच हुकमावरून झाडलेली होती.