दोनच जेट आणि मोजके वैमानिक असताना एफडीएम कशाला?

प्रश्न असा: कंपनीची दोन मध्यम जेट आहेत, वैमानिक सगळे अनुभवी, नियमाची सक्ती नाही. मग एफडीएमचा, म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा नोंदलेला डेटा नियमित तपासण्याचा (फ्लाइट डेटा मॉनिटरिंग) खटाटोप का? आणि वैमानिकांना ती पाळत वाटली तर?

सक्ती नाही हे बरोबर. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट ६ मधलं बंधन २७,००० किलोंहून जड असलेल्या व्यावसायिक वाहतुकीच्या विमानांना आहे. पण ‘सगळे अनुभवी’ हे कारण मला पटत नाही. ३१ मे २०१४ च्या रात्री अमेरिकेतल्या बेडफर्डच्या हॅन्सकॉम फील्डवर एक गल्फस्ट्रीम जी-४ टेकऑफच्या धावेत हवेत न उठता धावपट्टीपार गेलं आणि आतले सातही जण दगावले. उभ्या विमानाची कंट्रोल्स वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला गस्ट लॉक काढायचा राहिला होता. टेकऑफआधी कंट्रोल्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिली असती, तर ते तिथेच कळलं असतं. वैमानिक वर्षानुवर्षं एकत्र उडणारे होते. नंतर त्याच विमानाच्या क्यूएआरमधल्या (रोजच्या उड्डाणांचा डेटा साठवणारा, सहज उतरवता येणारा रेकॉर्डर) आधीच्या १७५ टेकऑफची नोंद पाहिली, तेव्हा ९८ टक्के वेळा ही तपासणी पूर्ण झालीच नव्हती असं निघालं. डेटा विमानातच होता.

मग एनबीएए या अमेरिकेतल्या बिझनेस विमान वाहतुकीच्या संघटनेने २०१३ ते २०१५ मधली ३७९ बिझनेस विमानांची १,४३,७५६ उड्डाणं तपासली. १५.६२ टक्के वेळा तपासणी अर्धवट, २.०३ टक्के वेळा अजिबात नाही. म्हणून माझं मत: वेगमर्यादा किती ओलांडली हे बघण्याआधी, जे करायचं ते होतंय का हे बघा.

त्यासाठीचा इव्हेंट, म्हणजे डेटात आपोआप शोधायची खूण, असा बांधा: इंजिन सुरू झाल्यापासून टेकऑफची पॉवर लावेपर्यंत एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा), एलरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारा) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) दोन्ही बाजूंना पूर्ण हालचालीच्या किमान ९० टक्क्यांपर्यंत गेले का. इथे एक खोच आहे. रेकॉर्डर एखाद्या कंट्रोलची जागा सेकंदाला एकदाच टिपत असेल, तर झटकन फिरवलेल्या कंट्रोलचं टोक नोंदलंच जात नाही आणि तपासणी अर्धवट दिसते. म्हणून आधी मेकॅनिकला जमिनीवर कंट्रोल्स टोकाला दोन सेकंद धरायला सांगा आणि डेटात काय आकडा येतो तो पाहा. हे न करता वैमानिकाला विचारायला गेलात, तर कार्यक्रमावरचा विश्वास पहिल्याच आठवड्यात जाईल.

दुसरा विषय अस्थिर अप्रोच, म्हणजे उतरण्याआधीचा शेवटचा टप्पा नीट न जमणं. पुढचं सगळं जुळलं नसेल तर अप्रोच अस्थिर: ढगांत १००० फूट आणि मोकळ्या हवेत ५०० फुटांवर चाकं आणि फ्लॅप लँडिंगच्या स्थितीत, वेग व्हीरेफ (लँडिंगसाठीचा ठरलेला संदर्भ वेग) ते व्हीरेफ अधिक २० नॉट, उतरण्याचा दर मिनिटाला १००० फुटांच्या आत. व्हीरेफ वजनावर ठरतो, त्यामुळे एफएमएसमध्ये (विमानातल्या उड्डाण-व्यवस्थापनाच्या संगणकात) वजन चुकीचं भरलं असेल तर इव्हेंटही खोटा. उंची रेडिओ अल्टिमीटरवरून (खालच्या जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र) घेऊ नका, विमानतळाच्या उंचीच्या हिशेबाने घ्या. मंगळूरसारख्या टेबलटॉप (डोंगराच्या सपाट माथ्यावरच्या) धावपट्टीच्या अलीकडे दरी असते, तिथे रेडिओ उंची भलतंच सांगते.

चाकं कुठे टेकली, हे लहान धावपट्ट्यांवर फार मोलाचं. पण १२० नॉटला विमान सेकंदाला सुमारे ६२ मीटर जातं. जीपीएसची जागा चार सेकंदांनी एकदा नोंदली जात असेल, तर अंदाज अडीचशे मीटरनी चुकू शकतो. ५० फुटांपासून चाकं टेकेपर्यंतचा ग्राउंडस्पीड (जमिनीच्या सापेक्ष वेग) सेकंदासेकंदाने बेरजेत घ्या, अंतर बरंच नेमकं मिळतं.

आता पाळतीची भीती. ती खरी आहे. चार वैमानिकांत तारीख आणि मार्ग कळला की माणूस कळला, नाव झाकून उपयोग नाही. विश्लेषण बाहेरच्या संस्थेकडे द्या. नाव फक्त एकाच व्यक्तीला कळेल असं ठरवा आणि ती व्यक्ती वैमानिकांनी निवडलेली असू द्या. चीफ पायलट नको, तो स्वतः उडतो आणि बढत्याही ठरवतो. जाणूनबुजून केलेलं उल्लंघन सोडता डेटा शिक्षेसाठी वापरणार नाही, हे मालकाच्या सहीनिशी लिहून घ्या, आणि तेही क्यूएआरचं पहिलं मेमरी कार्ड वाचण्याआधी.

दोन विमानांच्या आकड्यांवर टक्केवारी काढत बसू नका. एका लँडिंगने ती उडी मारते. त्याच जातीच्या इतर विमानांच्या एकत्रित डेटाशी तुलना करून देणारी सेवा घ्या.

कार्यक्रम फसतात ते बहुधा साध्या कारणाने: कार्ड भरलेलं, नीट न बसलेलं किंवा सेन्सर बिघडलेला, आणि महिनाभर कुणाच्या लक्षात नाही. अपघातासाठीचा एफडीआर (ब्लॅक बॉक्समधला डेटा रेकॉर्डर) साधारण २५ तासांनी जुनं पुसतो, त्यावर विसंबू नका. क्यूएआर दर आठवड्याला उतरवा आणि टेकलॉगमधली (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीतली) उड्डाणं डेटातल्या उड्डाणांशी जुळवा. दहातलं एकाहून जास्त उड्डाण गायब असेल, तर बाकी सगळं थांबवून आधी ते शोधा.