"मॅडम, ते लेकरू आमचंच असतं ना?"

सोलापुरात मूल न होणाऱ्या जोडप्यांची मी समुपदेशक. आयव्हीएफचा, म्हणजे बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणून गर्भ तयार करण्याचा विषय निघाला की खर्चाच्याही आधी हा प्रश्न येतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला कामगार असो की सात रस्त्याकडचा बँकवाला, शब्दसुद्धा तेच. म्हणून एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तो डाईंगमध्ये कामाला, ती घरी शिलाई करायची. माहेर तिचं मागावरचं. पहिल्या भेटीला सासूबाई सोबत. सुनेच्या तपासण्यांची फाईल चांगली जाडजूड. मुलाचा वीर्यतपासणीचा एकच कागद, तोही चार घड्या घालून शर्टाच्या खिशात.

"हिचं काय ते बघा. आमच्या पोराला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या. मी त्यांना चहा पाजून बाहेर बसवलं. मूल न होणं हे जोडप्याचं दुखणं, असं मी मानते. दोघं एकमेकांसमोर बोलल्याशिवाय पुढचा उपचार मी धरतच नाही.

कागदावर शुक्राणू बरेच कमी होते. त्याला ते ठाऊक होतं, तिलाही. घरात मात्र उपास तिचे, गड्ड्याच्या जत्रेत सिद्धरामेश्वराला नवसही तिचेच.

दोन-तीन भेटी त्याचं एकच चाललं होतं : असलं लेकरू नकली, दवाखान्यातलं. मी सगळं समजावलं. स्त्रीबीज हिचं, शुक्राणू तुझे. शुक्राणू कमी असतील तर इक्सी करतात, म्हणजे एकेका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात. त्याने मान डोलावली आणि पुन्हा तेच विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, याला माहिती नकोच आहे. मी एवढंच विचारलं, "तुला नेमकं काय गेल्यासारखं वाटतं?"

बराच वेळ गेला. मी मुद्दाम काही बोलले नाही. (नवीन समुपदेशकांना हेच जमत नाही.)

"सगळं डॉक्टरच करणार. मग मी काय केलं?"

ती पटकन म्हणाली, "अहो, चादर पॉवरलूमवर निघाली म्हणून सूत दुसऱ्याचं होतं का?"

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. 'आमचंच ना' म्हणणाऱ्या कितीतरी पुरुषांना 'मी यात आहे ना' असं विचारायचं असतं, हे मला त्या दिवशी पुरतं उमगलं. आता मी माहितीच्या आधी तिथेच हात घालते.

माहिती मात्र हवीच. लग्नानंतर नियमित संबंध असून वर्षभर दिवस राहिले नाहीत तर तपासणी करा. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. तपासणी दोघांची, एकाच वेळी. वीर्यतपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त, तरी आपल्याकडे ती शेवटी होते. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. आणि प्रत्येकाला आयव्हीएफ लागत नाही. काहींचं गोळ्यांवर किंवा आययूआयवर, म्हणजे शुक्राणू थेट गर्भपिशवीत सोडण्यावर भागतं. बाईच्या दोन्ही बीजनळ्या बंद असतील किंवा शुक्राणू फारच कमी असतील, तिथे मात्र उगाच वर्षं घालवू नका, कारण वयाबरोबर स्त्रीबीजं घटतात.

आयव्हीएफमध्ये होतं ते असं : आठ-बारा दिवस इंजेक्शनं, मधे सोनोग्राफ्या, भूल देऊन बीजं काढणं, प्रयोगशाळेत तीन ते पाच दिवस गर्भ वाढवणं, मग तो गर्भपिशवीत सोडणं. त्यानंतर रक्ततपासणीपर्यंतचे साधारण दोन आठवडे बायकांना सगळ्यांत जड जातात. तेव्हा नवऱ्याने घरी असावं. "काही जाणवतंय का" हे दर तासाला विचारू नये.

हा काही नवा प्रयोगही नाही. पहिलं बाळ 1978 मध्ये इंग्लंडात झालं, मुंबईच्या केईएममध्ये 1986 मध्ये. आता 2021 चा कायदा आहे : केंद्र नोंदणीकृत हवं, दोघांची लेखी संमती हवी. दात्याचं बीज किंवा शुक्राणू वापरायचे तर तेही संमतीनेच. फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका. समुपदेशन याच कायद्यात धरलंय, हे मी जरा ताठ मानेने सांगते. मुलगाच हवा म्हणून कुणी येत असेल तर दार बंद आहे. तो गुन्हा आहे.

हमखास यश सांगणाऱ्यापासून लांब राहा. आपल्या वयाच्या बायकांत किती जणींचं बाळंतपणापर्यंत जातं, ते विचारा. आणि सुरू करण्याआधीच किती वेळा आणि किती पैशांपर्यंत, हे दोघांनी ठरवा. मधे रडारड चालू असताना ते ठरत नाही.

या दोघांनी दोनदाच, असं ठरवलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यासाठी शिलाईचे पैसे साठेपर्यंत थांबलेत, आणि तोवर आईला स्वतःचा रिपोर्ट त्यानेच सांगितलाय.