खुराड्याभोवतीच्या माश्या: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

परसातील कुक्कुटपालनात माश्यांची तक्रार वर्षभर असते, परंतु पावसाळ्यात ती सर्वाधिक ऐकू येते. या वेळी याच विषयावरील निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (चिपळूण): आमच्याकडे १५ गावठी कोंबड्या आहेत. दिवसा त्या परसात चरतात, रात्री खुराड्यात असतात. पाऊस सुरू झाल्यापासून माश्यांनी जीव नकोसा केला आहे. फवारणी केली की दोन दिवस बरे जातात आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. याहून जालीम औषध सुचवावे.

उत्तर: औषध कमी पडते म्हणून माश्या परत येतात असे नाही. आपण फवारणी करता त्या वेळी उडणाऱ्या माश्या मरतात. त्यांच्या मागून येणारी पिढी मात्र विष्ठेच्या आत सुरक्षित असते आणि तिच्यापर्यंत फवारा पोहोचत नाही. घरमाशीची मादी ओलसर विष्ठेत एका खेपेला सुमारे शंभर ते दीडशे अंडी घालते आणि अशा अनेक खेपा करते. उबदार हवेत ही अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, अळी चार ते सहा दिवस विष्ठेतच वाढते, नंतर ओल सोडून कडेच्या कोरड्या मातीत किंवा तुसात शिरून तपकिरी कोशात जाते, आणि त्यातून आणखी चार-पाच दिवसांत माशी बाहेर पडते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास उन्हाळी किंवा दमट हवेत सुमारे आठ-दहा दिवसांत पुरा होतो. या अवधीत निदान दोन वेळा खुराड्यातील विष्ठा हलली, तर बहुतेक अळ्यांना कोश होण्याची संधीच मिळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा कसून सफाई करण्यापेक्षा दर तीन दिवसांनी केलेली साधी सफाई अधिक उपयोगी पडते.

दुसरी आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओल. ताज्या विष्ठेत पाऊण हिस्सा पाणीच असते. ती सुकून पाण्याचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आले की तिच्यात अळी वाढत नाही. आपल्या कोंबड्या दिवसा परसात फिरतात, तेव्हा विखुरलेली विष्ठा उघडीप असेल तर उन्हाने सुकते आणि त्यांच्याच पायांनी विस्कटते. तिची फारशी चिंता नको. प्रश्न आहे तो रात्री बसण्याच्या दांडीखाली साचणाऱ्या विष्ठेचा. पंधरा कोंबड्या रात्रभरात सुमारे पाऊण किलो विष्ठा एकाच ठिकाणी टाकतात. दांडीखाली जुना पत्रा किंवा फळी सरकवून ठेवावी, रोज सकाळी ती खरवडून तिच्यावर मूठ-दोन मूठ भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्यानेच निम्म्याहून अधिक फरक पडेल.

कोकणातील पावसात खुराड्याची जागाही तपासावी लागते. पागोळ्यांचे पाणी आत येत असेल तर छप्पर पुढे वाढवावे, जमीन आजूबाजूपेक्षा निदान वीतभर उंच करावी आणि भोवती चर काढावा. पाऊस आत येतो म्हणून चारी बाजू ताडपत्रीने बंद करण्याची पद्धत मला घातक वाटते, कारण त्यामुळे पाऊस थांबतो पण आतली ओल आतच कोंडते. वाऱ्याच्या बाजूची ताडपत्री तेवढी लावावी आणि विरुद्ध बाजूची जाळी मोकळी ठेवावी. पाण्याचे भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणून विटांवर ठेवावे. जमिनीवर ठेवलेल्या तसराळ्याभोवती सांडलेले पाणी, पडलेले खाद्य आणि विष्ठा यांचा जो चिखल होतो, त्यातच अनेक घरी अर्ध्या माश्या जन्मतात.

एक आडवळणाचे कारणही पाहावे. घरातील उरलेले खारट अन्न, सुकट, खाऱ्या माशांची डोकी कोंबड्यांना घालत असाल तर त्या पाणी अधिक पितात आणि विष्ठा पातळ होते. सर्व कोंबड्यांना एकाच वेळी पातळ हागवण लागली, किंवा विष्ठेत रक्त दिसले, तर तो माश्यांचा विषय राहत नाही, पशुवैद्यकांना दाखवावे.

प्रश्न (सांगली): शेजाऱ्यांचे म्हणणे आहे की त्यांच्या स्वयंपाकघरातील सर्व माश्या आमच्या आठ कोंबड्यांमुळे येतात. जवळच गोठा आणि नगरपालिकेची कचराकुंडी आहे. दोष नेमका कोणाचा हे कसे ठरवावे?

उत्तर: माशी एक-दोन किलोमीटरपर्यंतही उडू शकते, त्यामुळे तिन्ही जागा संशयाच्या कक्षेत येतात. प्रौढ माश्या कोठे बसतात यावरून निर्णय करू नये. अळ्या कोठे आहेत ते पाहावे. काठीने विष्ठेचा वरचा थर बाजूला करून खालची ओल आणि कडेची माती उकरून पाहा. पांढुरक्या अळ्या किंवा गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोश सापडले तर ती जागा माश्यांचे माहेर आहे. हीच पाहणी गोठ्याच्या शेणखड्ड्यावर शेजाऱ्यांना बरोबर घेऊन करावी, म्हणजे वाद वाढत नाही.

सातत्याने मोजणी हवी असेल तर खुराड्यात छपराजवळ पोस्टकार्डाएवढे पांढरे कार्ड टांगा. माशी बसते तेथे विष्ठेचे आणि लाळेचे बारीक ठिपके सोडते. आठवड्याने ठिपके मोजून नवे कार्ड लावावे. मोठ्या लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) फार्मवर आठवड्याला एका कार्डावर शंभर ठिपके ही धोक्याची पातळी मानतात. आठ कोंबड्यांच्या घरी आकड्यापेक्षा तो चढतो की उतरतो हे पाहणे पुरेसे आहे.

प्रश्न (निफाड): मी कोंबडीखत द्राक्षबागेसाठी साठवतो. ढिगात अळ्यांचा बुजबुजाट होतो. काही अळ्या जाड, करड्या-तपकिरी आणि जवळजवळ इंचभर लांब असतात. ढीग फेकून द्यावा का?

उत्तर: फेकू नये. खताचे मोल आपल्याला माहीतच आहे. अळ्या दोन जातींच्या आहेत आणि त्यांतील भेद जाणणे उपयोगाचे ठरेल. घरमाशीची अळी पांढरी, टोकाकडे निमुळती आणि साधारण सेंटिमीटरभर असते. आपण वर्णन केलेली जाड, चपटी, करडी अळी बहुधा काळ्या सैनिक माशीची आहे. ही माशी काळी, लांबट आणि काहीशी गांधीलमाशीसारखी दिसते; ती घरात शिरून अन्नावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या ज्या ढिगात माजतात तेथे घरमाशी सहसा अंडी घालत नाही. तिच्यावर औषध मारणे म्हणजे आपल्याच बाजूच्या सैन्यावर गोळीबार करणे होय.

घरमाशीसाठी ढिगाची रचना बदला. कोंबडीखतात नत्र फार असते, म्हणून त्याच्या दीड-दोन पट कोरडा पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा तूस थराथराने मिसळावे. ढीग निदान एक मीटर उंच असेल तर आत ५५ ते ६० अंश तापमान चढते आणि तेथे अळी तग धरत नाही. ती गार कडेकडे सरकते, म्हणून दर तीन-चार दिवसांनी कडा खोऱ्याने मध्यभागी ओढाव्यात आणि ढीग काळ्या प्लास्टिकने किंवा चार बोटे कोरड्या मातीने झाकावा. पावसात तो छपराखालीच हवा.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. जुन्या, कोरड्या विष्ठेत सूक्ष्म माइट (कोळ्याच्या कुळातील बारीक जीव), काळे भुंगेरे आणि बारीक परजीवी गांधीलमाश्या असतात. हे सर्व घरमाशीची अंडी, अळ्या आणि कोश यांवर जगतात. कोंबडीचे रक्त पिणाऱ्या लाल माइटशी या माइटची गल्लत करू नये. खुराडे साफ करताना जुन्या कोरड्या थराचा काही भाग तसाच ठेवला तर हे मित्र टिकतात. पूर्ण खरवडून धुतलेल्या जमिनीवर आधी माश्याच वस्तीला येतात, मित्रकीटक मागाहून.

प्रश्न (बारामती): दुकानदाराने खाद्यात मिसळण्याचे औषध दिले आहे, शिवाय साखरेसारखे विषारी दाणेही. पूर्वी नुवान मारत होतो. यांपैकी अंडी खाण्याच्या दृष्टीने निर्धोक काय?

उत्तर: नुवान या नावाने मिळणाऱ्या डायक्लोरव्हॉसवर केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली आहे. जुनी बाटली घरात असेल तर ती वापरू नये. कोंबड्यांच्या खुराड्यात तर मुळीच नाही.

खाद्यातील औषध बहुधा सायरोमॅझिन असावे. ते कोंबडीच्या पोटातून विष्ठेत उतरते आणि अळीला कात टाकू देत नाही. उडत्या माशीवर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात फरक दिसत नाही. पिंजऱ्यातील हजारो लेयर कोंबड्यांसाठी ते उपयुक्त आहे. परंतु त्याचे प्रमाण टनभर खाद्यात मूळ औषध सुमारे ५ ग्रॅम इतके सूक्ष्म असते. घमेल्यात हाताने मिसळलेल्या दहा किलो खाद्यात ते सारखे पसरवणे शक्य नसते; एका कोंबडीला काहीच मिळत नाही तर दुसरीला कितीतरी पट जाते. अंडी खाणाऱ्या घरासाठी मी ते सुचवणार नाही. पशुवैद्यकांनी सांगितलेच तर तयार मिश्रखाद्यातून आणि कत्तलीपूर्वी औषध बंद ठेवण्याचा काळ पाळून द्यावे.

विषारी दाणे कोंबड्या टिपतात. कुत्री आणि लहान मुलेही त्यांच्या वाटेत येतात. ते आणू नयेत.

फवारणी करायचीच असेल तर कुक्कुटगृहासाठी लेबलवर मान्यता असलेले औषध, अंडी आणि पाणी-खाद्याची भांडी बाहेर काढून, केवळ छपराच्या आतील बाजूस, वाशांवर आणि लोंबत्या दोऱ्यांवर मारावे, कारण माश्या रात्री तेथे विसावतात. विष्ठेवर फवारल्यास वर सांगितलेले मित्रकीटक आधी मरतात. एकच औषध महिनोन्महिने वापरले की माश्या त्याला दाद देत नाहीत.

प्रश्न (कुडाळ): एका कोंबडीच्या शेपटाखाली पिसे चिकटलेली होती. पिसे उचलली तेव्हा आत अळ्या वळवळताना दिसल्या. काय करावे?

उत्तर: हे तातडीचे आहे, उद्यावर टाकू नये. हिरव्या-निळ्या चमकदार माश्या विष्ठेने भिजलेल्या पिसांवर किंवा जखमेवर अंडी घालतात आणि अळ्या कातडी पोखरत मांसात शिरतात. कोंबडी वेगळी करून सावलीत ठेवा, भोवतीची पिसे कातरा, कोमट मिठाच्या पाण्याने भाग धुऊन चिमट्याने दिसतील त्या सर्व अळ्या काढा आणि अंग नीट कोरडे करा. रॉकेल किंवा टर्पेंटाइन ओतू नये. सोललेल्या कातडीला ते भाजते. जखम खोल असेल किंवा कोंबडी मान टाकत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. बरी होईपर्यंत तिला जाळीच्या आत ठेवावे आणि हागवणीचे मूळ कारण शोधावे.

प्रश्न (अमेरिकेतील वाचक): कोंबड्या अळ्या आवडीने खातात. मग त्याच माश्यांचा बंदोबस्त करतील ना? आणि सापळे किंवा पाण्याच्या पिशव्या टांगल्याने काही होते का?

उत्तर: कोंबड्या अळ्या टिपतात हे खरे, पण पैदाशीच्या वेगाला त्या पुऱ्या पडत नाहीत. शिवाय घरमाशी कोंबडीतील एका पट्टकृमीची (आतड्यातील चपट्या, फितीसारख्या जंताची) वाहक असते. माशी किंवा अळी खाल्ल्याने तो कोंबडीच्या आतड्यात जातो. मेलेल्या पक्ष्यावरील अळ्या तर अधिक धोकादायक, कारण त्यांतून बोट्युलिझमचे (कुजक्या मांसातील जिवाणूंमुळे होणाऱ्या विषबाधेचे) विष जाऊन कोंबडीची मान लुळी पडते. मेलेला पक्षी लगेच खोल पुरावा किंवा आपल्या भागातील नियमांप्रमाणे विल्हेवाट लावावी.

सापळा चालतो, मात्र तो खुराड्यापासून आठ-दहा मीटर दूर हवा. गुळाच्या पाण्यात चिमूटभर यीस्ट घालून दोन दिवस आंबवले की घरमाश्या आकर्षित होतात. सुकटीचे पाणी वापरल्यास हिरव्या-निळ्या माश्या अधिक येतात. दाराशी टांगलेला सापळा दूरच्या माश्या घरी बोलावतो. पाण्याच्या पिशव्यांचा भरवशाचा उपयोग नाही, आणि कडुनिंबाच्या धुराने माश्या थोडा वेळ हटतात, अळ्यांना त्याचा काहीच त्रास होत नाही.