मूतखडा पुन्हा पुन्हा होतो, मग खायचं तरी काय?

युरॉलॉजीच्या ओपीडीला लागूनच माझी छोटी खोली आहे. डॉक्टरांचं तपासून झालं की ‘आहाराचं आत मॅडमना विचारा’ म्हणून पेशंट माझ्याकडे येतात. पहिल्यांदा खडा झालेले घाईत असतात, कागद घेतात आणि जातात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचे मात्र खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात, ‘मॅडम, आता अजून काय काय सोडू?’ प्रश्न रास्त आहे. एकदा खडा झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना पुढच्या दहा वर्षांत तो पुन्हा होतो. पण या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा ताटात नसतंच. कल्पनाताईंचं उदाहरण त्यासाठीच सांगते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय ३९, जळगावात साड्यांच्या दुकानात नोकरी. आठ वर्षांत तीन खडे. पहिला आपोआप पडला, दुसरा दुर्बिणीने काढावा लागला आणि नंतर काही दिवस लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून आत स्टेंटची नळी होती. त्या नळीचा त्रास त्यांनी मला खड्यापेक्षा जास्त वेळ सांगितला. तिसरा ऐन उन्हाळ्यात पडला, आणि त्याच वेळच्या सोनोग्राफीत डाव्या किडनीत ४ मिलिमीटरचा आणखी एक दिसला. तो तिथेच राहू द्या, लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाले होते. कल्पनाताईंच्या डोक्यात ‘राहू द्या’ एवढं शिरलं होतं आणि झोप उडाली होती.

पर्समधून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. फ्रीजवर लावलेला कागद काढून आणला होता, कोपऱ्यांना सेलोटेप तशीच होती. वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या वर्षी वाढत गेलेली यादी. टोमॅटो, वांगी, पेरू, भेंडी (‘बिया’ असं कंसात), पालक, दूध, दही, पनीर, भात, काजू, तूरडाळ. जळगावच्या बाईने वांगी सोडली म्हणजे थंडीत घरात भरीत होत असताना तिने वरण-पोळी खायची. दोन हिवाळे त्यांनी तसे काढले होते.

बियांचं एकदाच सांगून टाकते. टोमॅटोच्या किंवा पेरूच्या बिया आतड्यातून जातात, किडनीत पोचत नाहीत. खडा तयार होतो तो लघवीत विरघळलेल्या क्षारांचा. टोमॅटोत ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमशी जुळून खडा बनवणारा भाज्यांतला घटक, तोही फारसा नसतो. वांग्याचं भरीत तुम्ही रोज दोन वेळा खात नाही. काजूतही ऑक्झलेट बऱ्यापैकी असतं, पण यादीतली सगळ्यात खरी नोंद होती पालक. त्यात ऑक्झलेट खरोखरच भरपूर असतं, आणि ज्यांचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा आहे त्यांनी पालकाचा रस वगैरे प्रकार विसरावेत.

‘तुमचा खडा कशाचा होता?’ असं विचारलं तर त्या गप्प. खड्यांचे प्रकार असतात हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यात जास्त आढळतो तो कॅल्शियम ऑक्झलेटचा, पण युरिक ॲसिडचा असतो, वारंवारच्या इन्फेक्शनमुळे होणारा असतो, क्वचित सिस्टिनचाही (हा आनुवंशिक) असतो, आणि प्रत्येकाचं पथ्य निराळं. पडलेला खडा फेकून दिलात की ही माहितीही गेली. पुढच्या भेटीला त्या कुंकवाची रिकामी डबी घेऊन आल्या. आत कापसात गुंडाळलेला तिसरा खडा, ज्वारीच्या दाण्याहून लहान, काळपट, खरखरीत. ‘एवढुशाने मला जमिनीवर लोळवलं,’ असं म्हणून त्या हसल्या. डॉक्टरांनी तो तपासणीला पाठवला. कॅल्शियम ऑक्झलेटच निघाला.

खडा कॅल्शियमचा, म्हणजे दूध बंद. हा हिशेब इतका सरळ वाटतो की तो मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. प्रत्यक्षात जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि दोन्ही मिळून शौचावाटे जातात. कॅल्शियम नसलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात जातं आणि लघवीत उतरतं. इटलीत पार्मा इथल्या डॉक्टरांनी खड्याचा वारंवार त्रास असलेल्या १२० पुरुषांना पाच वर्षं दोन वेगवेगळ्या आहारांवर ठेवलं होतं. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० पैकी १२ जणांना. मीठही कमी केलेलं असल्यामुळे सगळं श्रेय दुधाला देता येत नाही, पण दूध तोडून फायदा होत नाही हे त्यातून स्वच्छ दिसतं. कल्पनाताईंना मी दोन्ही जेवणांबरोबर वाटीभर दही किंवा अळणी ताक आणि सकाळी कपभर दूध सांगितलं. जेवणाबरोबर, हे महत्त्वाचं. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्या डॉक्टरांना विचारूनच.

इथपर्यंत सगळं पुस्तकात मिळतं. अडलं ते पुढे.

‘पाणी किती पिता?’

‘भरपूर. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पिते.’

फाइलमध्ये २४ तासांच्या लघवीचा रिपोर्ट होता. एकूण लघवी १९०० मिली, बाकीचे आकडेही फार वावगे नव्हते. एवढी लघवी होत असेल तर आठ वर्षांत तीन खडे का, हे मला जुळेना. तारीख पाहिली तर रविवार. दुकानाची सुट्टी! लॅबवाल्याने सोय म्हणून सांगितलं होतं, सुट्टीच्या दिवशी करा, म्हणजे कॅन घेऊन हिंडावं लागणार नाही. त्यांनी दिवसभर घरी बसून, तपासणी चांगली यावी म्हणून मुद्दाम पाणी पिऊन तो पाच लिटरचा कॅन भरला होता.

मी म्हटलं, आता कामाच्या दिवशी मोजा. लॅब नको, पैसे नकोत. एक मापाचा प्लास्टिकचा मग घ्या, सकाळची पहिली लघवी सोडून द्या, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतचं प्रत्येक माप कागदावर मांडा. ‘आणि दुकानात?’ त्यांनी विचारलं. मोठ्या तोंडाची झाकणाची बाटली कापडी पिशवीत घेऊन जा. त्या संकोचल्या, मग म्हणाल्या, ‘तशी अडचण नाही. दुकानात असताना मी एकदाच जाते.’

गुरुवारचा आकडा आला ८२० मिली.

सकाळी साडेदहा ते रात्री नऊ दुकान. स्वच्छतागृह इमारतीच्या मागे, तीन दुकानांत मिळून एक, कुलूपबंद. किल्ली गल्ल्यावर शेठजींच्या हाताशी. दरवेळी गिऱ्हाइकांसमोर, पुरुष सहकाऱ्यांसमोर किल्ली मागायची, आणि ‘लगेच आलेच’ म्हणायचं. त्यापेक्षा पाणीच न प्यायलेलं बरं, असं तिथल्या सगळ्याच बायकांनी आपापलं ठरवून टाकलेलं. बायका पाणी पीत नाहीत याला आळस म्हणणाऱ्यांनी एक दिवस बाजारपेठेत उभं राहून नोकरी करून पाहावी. खड्याच्या प्रत्येक पेशंटला मी आता कामाच्या ठिकाणच्या संडासाबद्दल आधी विचारते, पालकाबद्दल नंतर.

ही अडचण पथ्याच्या कागदाने सुटणारी नव्हती. शेठजींशी बोलायला त्या तयार नव्हत्या. डॉक्टरांची चिठ्ठी देऊ का म्हटलं, तर ‘नको, सगळ्यांना कळेल’. मग आम्ही दोघींनी बसून कोण कुणाशी काय बोलेल ते ठरवलं. संध्याकाळी शेठजींच्या पत्नी गल्ल्यावर बसतात. त्यांच्याशी एकटीने बोलायचं नाही, दुकानातल्या दुसऱ्या ताईंना बरोबर घ्यायचं. तक्रार करायची नाही, एकच मागायचं, दुसरी किल्ली. वाक्यसुद्धा आम्ही मोठ्याने म्हणून पाहिलं. आता ट्रायल रूमच्या मागे खिळ्याला एक किल्ली असते आणि कुणाला विचारावं लागत नाही.

किल्ली मिळाल्यावर पाण्याचं वेळापत्रक करायला अर्थ आला. किती प्यायचं याऐवजी किती बाहेर पडतं ते बघा, दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी व्हायला हवी. त्यासाठी थंडीत तीन लिटर पाणी पुरेल, पण जळगावच्या मे महिन्यात निम्मं घामातच जातं. म्हणून रंगावर लक्ष ठेवायचं, फिकट पिवळी ते जवळजवळ पाण्यासारखी. पाणी एकदम ढोसायचं नाही. सकाळचा तांब्या दोन तासांत बाहेर पडतो आणि दुपारी लघवी पुन्हा घट्ट होते. तासा-दीड तासाने एक पेला, झोपताना एक, रात्री उठावं लागलं तर तेव्हा अर्धा. पार्माच्याच डॉक्टरांचा १९९६ चा अभ्यास आहे. पहिला खडा झालेल्यांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्यांत पाच वर्षांत १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्के. पाण्याइतकं स्वस्त औषध माझ्याकडे दुसरं नाही. (हृदयाचा किंवा किडनी निकामी होण्याचा आजार असेल, पाय सुजत असतील, तर मात्र हे आकडे तुमच्यासाठी नाहीत. डॉक्टर सांगतील तेवढंच पाणी.) लिंबातलं सायट्रेट खडा बनायला अडथळा आणतं, म्हणून पाण्यात लिंबू पिळा, पण आपल्या पद्धतीचं मीठ-साखर घातलेलं सरबत नको.

मिठाचं आमचं बोलणं मजेशीर झालं. ‘आम्ही कमीच खातो,’ हे प्रत्येक घर म्हणतं. मीठ जास्त गेलं की किडनी ते बाहेर टाकते आणि त्याबरोबर कॅल्शियमही लघवीत सोडते. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, तेही सगळं धरून. चौघांच्या घरात किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी. कल्पनाताईंची महिनाभरही पुरत नव्हती, आणि त्यात शेव, पापड, लोणचं, दुकानात चारच्या चहाबरोबर येणारं फरसाण धरलेलंच नव्हतं. ठेचा सोडा असं मी म्हटलं नाही. खानदेशात राहून ते कोण ऐकणार? ठेच्यातलं मीठ निम्मं करा, लसूण वाढवा, आणि पापड रोजचा नको, एवढ्यावर आमची तडजोड झाली. चहा त्यांनी घाबरत घाबरत विचारला. दिवसाला दोन-तीन कप, दुधाचा, चालेल.

उपासाचा मुद्दा त्यांच्या सासूबाईंनी काढला, त्या एकदा बरोबर आल्या होत्या. आठवड्याचा गुरुवार, चतुर्थी, आणि वर्षाची हरतालिका निर्जळी. राजगिरा, शेंगदाणे, रताळी या सगळ्यांत ऑक्झलेट बऱ्यापैकी असतं, आणि उपासाला नेमके हेच एका ताटात येतात. भगर, ताक, फळं घ्या म्हटलं. निर्जळी मात्र नको, यावर मी अडून बसले. भाद्रपदात दिवस-रात्र पाण्याशिवाय काढणं खडेवाल्या माणसाला परवडणारं नाही. सासूबाईच म्हणाल्या, ‘पाणी पिऊन कर गं. देवीला काय तुझी किडनी हवी आहे?’

राहिली भीती. पाठीत जरा चमक आली की कल्पनाताई दुखण्याची गोळी घेत. भाचीच्या लग्नाला त्या गेल्या नव्हत्या, का तर वाटेत कळ आली तर काय करायचं? किडनीत स्वस्थ पडून असलेला छोटा खडा सहसा दुखत नाही, तो मूत्रवाहिनीत अडकला की कळ येते. वाकल्यावर किंवा कूस बदलल्यावर कमी-जास्त होणारं दुखणं बहुतेकदा स्नायूंचं असतं. खड्याची कळ कुठल्याच कुशीवर थांबत नाही, माणसाला एका जागी बसू देत नाही, आणि जांघेकडे उतरते. डॉक्टरांना विचारून आम्ही एक चिठ्ठी केली. कळ आली तर कोणती गोळी, किती, आणि फोन कुणाला. खाली लाल पेनाने लिहिलं, थंडी वाजून ताप, लघवी बंद, किंवा उलट्या थांबत नसतील तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखान्यात यायचं. अडकलेल्या खड्यावर इन्फेक्शन चढलं तर जिवाशी खेळ असतो, तिथे कुळथाचा काढा करत बसायचं नाही. एरवी कुळथाचं कढण चवीने प्या, त्यातलं पाणी तर पोटात जातं. खडा विरघळवतो म्हणून विकत मिळणाऱ्या बाटल्यांवर मात्र पैसे घालवू नका. औषधाने विरघळवता येतो तो मुख्यतः युरिक ॲसिडचा खडा, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दर महिन्याला सोनोग्राफीचा हट्टही सोडवला. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्यागणिक पडतो, आणि त्या फरकावर लोक महिना महिना झोप घालवतात. डॉक्टरांनी सांगितली की करायची.

दिवाळीनंतर त्या आल्या तेव्हा कामाच्या दिवसाचं माप २१०० मिली होतं. डावीकडचा खडा तिथेच आहे, तेवढाच. यापुढे खडा होणार नाही असं मी त्यांना म्हटलेलं नाही, कुणीही म्हणू नये. या वेळी मुलगी बरोबर होती, नववीतली. आईला खडे असले की मुलांचा धोका वाढतो हे खरं का, असं तिनेच विचारलं. खरं आहे, म्हटलं. मग तिची शाळेची बाटली मागितली. दुपारचे तीन वाजले होते, शाळा सुटून ती थेट आली होती, आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. शाळेतल्या संडासाला कडी नाही, म्हणाली. कल्पनाताईंनी तिथेच पालकसभेची तारीख विचारून घेतली.