ओव्हरहेड प्रेस (वजनाचा बार खांद्यावरून डोक्यावर उचलणं) मारताना डोळ्यांपुढे अंधारी येते?

अरे भावा, घाबरू नकोस पण हलक्यातही घेऊ नकोस. तू पूर्ण सेट, म्हणजे सलग सगळ्या वेळा उचलणं, एकाच श्वासावर काढतोस ना? श्वास कोंडून जोर लावला की छातीत प्रेशर वाढतं, हार्टकडे परत येणारं रक्त कमी होतं, मग श्वास सोडला की बीपी एकदम खाली येतं आणि डोकं गरगरतं. माझं पण व्हायचं, एकदा ५० किलोच्या चौथ्या रेपला (चौथ्यांदा उचलताना) आरशातला मीच दिसेनासा झालो, बार ठेवायचा रॅक जवळ होता म्हणून वाचलो. तेव्हापासून बार वर लॉक झाला (हात पूर्ण सरळ झाले) की श्वास सोडून नवा घेतो, मगच खाली.

अजून एक, बार खांद्यावर टेकवताना गळ्यावर रुतत नाही ना बघ, तिथली नस दाबली तरी चक्कर येते. आणि सकाळी उपाशीपोटी नुसत्या चहावर जिमला येणं बंद कर, एक केळं तरी खा.

अंधारी आली की रेप पूर्ण करायचा हट्ट नको, बार रॅकवर ठेव आणि खाली बस. छातीत दुखलं, धडधडलं किंवा खरंच शुद्ध हरपली तर मात्र जिम बंद आणि सरळ डॉक्टर, आम्हाला विचारत बसू नकोस.