मुलाचं बीपी १२८ : नॉर्मल की जास्त?

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, वजन जास्त. शाळेव्यतिरिक्त रोज पाच-सहा तास गेम आणि मोबाइल. रविवारी मात्र दोन तास फुटबॉल खेळतो. घरच्या मशीनवर बीपी १२८/७६ आलं. हे नॉर्मलच ना? आणि रविवारचा खेळ पुरतो का?

उत्तर : नॉर्मल नाही. १३ वर्षांपासून पुढे वरचा आकडा १२० ते १२९ आणि खालचा ८०च्या आत असेल, तर बीपी 'वाढलेलं' धरतात. १३०/८०पासून उच्च रक्तदाब. पण एका मोजणीवर शिक्का मारू नका.

आधी कफ, म्हणजे मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा बघा. जाड दंडाला छोटा कफ लावला की आकडा उगाच वर जातो, आणि घरोघरी नेमकं हेच होतं. दंडाच्या मध्यावर टेपने घेर मोजा. कफच्या आतल्या हवेच्या पिशवीची रुंदी घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी किमान ८० टक्के हवी. म्हणजे ३२ सेंमी घेराला साधारण १३ सेंमी रुंद, २६ सेंमी लांब. गेम संपल्या संपल्या मोजू नका. पाठ टेकून, पाय जमिनीवर, उजवा हात छातीच्या पातळीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवा, मग मोजा. वेगवेगळ्या दिवशी तीनदा १२०च्या वर आलं तर डॉक्टरांकडे न्या. १४०/९० किंवा जास्त दिसलं तर वाट बघू नका.

फुटबॉल चालू राहू दे, पण त्याने उरलेले सहा दिवस भरून निघत नाहीत. तासन्‌तास बसून राहिलं की मांड्यांचे मोठे स्नायू स्वस्थ पडतात. रक्तातली चरबी फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम तिथे मंदावतं, साखरही कमी उचलली जाते. दिवसाला सरासरी ६० मिनिटं अशी हालचाल हवी, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्यातून तीन दिवस त्याहून जोरात.

स्क्रीनचे सगळे तास एकदम कापायला गेलात तर फक्त भांडण होईल. आधी झोपेपूर्वीचा एक तास काढा आणि चार्जर दुसऱ्या खोलीत लावा. या वयात ८ ते १० तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, बीपीही. मग स्क्रीनसमोरचं खाणं बंद करा, कारण तिथे पोट भरल्याचं कळत नाही. 'अर्ध्या तासाने ऊठ' याऐवजी 'प्रत्येक मॅचनंतर ऊठ' हा नियम मुलं जास्त पाळतात.

कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना उपाशीपोटी लिपिड (रक्तातली चरबी) आणि साखरेच्या तपासणीबद्दल विचारा. रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड या चरबीची मर्यादा बहुधा मोठ्यांची, म्हणजे १५० छापलेली असते. या वयात १३०पासूनच जास्त समजतात. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, ४०च्या खाली असेल तर तेही कमीच.